साताऱ्या-सांगलीतलं कोशर स्वयंपाकघर: रोजच्या घाईत घडी कशी ठेवावी

कोशर म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणारं अन्न; त्यातला मोठा नियम असा, की दूध आणि मांस एकत्र येऊ द्यायचं नाही. सातारा-सांगलीत असा स्वयंपाक करायचा तर आधी एक हिशेब पक्का करावा. ज्यू पद्धतीनं कापलेलं मांस इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. ते मुंबई-ठाण्याकडून आणावं लागतं, आणि तेही रोज जमत नाही. मग दुधाचं अर्धं आणि मटणाचं अर्धं अशी घराची वाटणी करून ओढाताण कशाला करायची? रोजचा स्वयंपाक परवे ठेवावा. परवे म्हणजे ज्यात दूधही नाही आणि मांसही नाही असं सगळं: धान्य, डाळी, भाज्या, फळं, तेल, शेंगदाणे, नारळ, अंडी. मासेही त्यातच धरतात, त्यांचे जादा नियम पुढे येतील. दोन वेळचं जेवण परवे, सकाळचा चहा-नाश्ता दुधाचा, आणि मांस आलं की त्याची भांडी वेगळी काढायची.

देशावरच्या स्वयंपाकाला हे जड जात नाही. कांदा-लसूण मसाला, सुकं खोबरं, तीळ, कूट, शेंगतेल यांवरच आपला रस्सा उभा असतो. कोकणातली बेने इस्रायल (मराठी बोलणाऱ्या ज्यूंची) घरं मटणाला नारळाचं दूध वापरत आली, त्यामागचं कारणही दुधा-मांसाची फारकत हेच.

गडबड होते ती तुपामुळे. तूप कितीही कढवलेलं असलं तरी ते दुधाचंच. वरणावरची धार, पोळीला लावलेलं बोट, शिऱ्याचा चमचा यातून ते नकळत सगळीकडे पोचतं. म्हणून पोळ्या तेल लावूनच कराव्यात. ज्याला तूप हवं त्यानं ताटात घ्यावं, तेही मांस नसलेल्या दिवशी. ज्वारीच्या भाकरीला हा प्रश्नच नाही. मळलेल्या कणकेतला एक गोळा धर्मनियमाप्रमाणे बाजूला काढण्याचा नियमही गहू, जव, ओट यांसारख्या ठरावीक पाच धान्यांनाच लागतो, ज्वारी-बाजरीला नाही. गव्हाची कणीक एका वेळी साधारण सव्वा किलोच्या वर मळली तरच तो विषय निघतो. चार माणसांच्या पोळ्यांना अर्धा-पाऊण किलो पीठ पुरतं.

भांडी आणि खुणा

तीन संच हवेत, पण तिन्ही सारखे मोठे नकोत. परवेचा सगळ्यात मोठा, दुधाचा मध्यम, मटणाचा अगदी आटोपशीर: एक कुकर, एक कढई, एक पातेलं, दोन डाव, एक सुरी आणि माणशी एक ताट-वाटी. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात, तिथेच प्रत्येक भांड्यावर आणि झाकणावर ‘दू’, ‘मां’ किंवा ‘प’ कोरून घ्यावं. रंगाची टिकली किंवा नेलपॉलिश दोन महिन्यांत घासून जातं. झाकणं विसरू नका, कारण अदलाबदल तिथेच जास्त होते. कुकरची रबरी रिंग आणि शिट्टीही ज्याची त्यालाच. रिंगा दिसायला सारख्या असतात, म्हणून मटणाच्या रिंगेला दोरा बांधून ठेवावा.

जुनं स्टीलचं भांडं बदलून घेता येतं. ते खळखळून घासायचं, खाचेतलं जळकं काढायचं, २४ तास वापरायचं नाही, मग मोठ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवायचं आणि लगेच गार पाण्यात काढायचं. पाणी नुसतं गरम असून चालत नाही. भांडं बुडवल्यावर उकळी बसली तर ती परत येईपर्यंत ते आतच ठेवावं. मातीची भांडी अशी शुद्ध होत नाहीत, नॉनस्टिकच्या भानगडीत पडू नये. बिडाच्या तव्यावर थेट तेलात भाजलं जातं, त्याला उकळतं पाणी पुरत नाही, लालबुंद तापवावा लागतो. त्यापेक्षा परवेला नवा तवा घेतलेला बरा.

सिंक एकच असेल तर त्याला सरळ ‘कुणाचंच नाही’ असं धरावं. दुधाचा एक आणि मटणाचा एक असे दोन प्लास्टिकचे टब ठेवून त्यातच घासायचं, घासण्याही वेगळ्या. उघडं दूध आणि उघडा रस्सा शेजारच्या शेगड्यांवर एकदम नकोत, कारण दूध उतू जातं तेव्हा विचारून जात नाही.

वाटण: इथेच घडी मोडते

कांदा, लसूण, आलं, हिरवी मिरची या तिखट वस्तू ज्या सुरीनं चिरल्या तिचा गुण घेतात असा नियम आहे. सुरी धुतलेली असली तरी. मटणाच्या सुरीनं चिरलेला कांदा मटणाचाच धरला जातो आणि मग तो दह्याच्या कोशिंबिरीत चालत नाही. आपल्याकडे प्रत्येक भाजीची सुरुवात कांद्यानं होते, म्हणून विळी, सुरी, पाट आणि मिक्सरचं भांडं ही चार हत्यारं कायम परवे ठेवा. मटणासाठीचा कांदासुद्धा परवे सुरीनंच चिरायचा. मटणाची सुरी फक्त मांसाला.

आठवड्याचं वाटण रविवारी एकदाच करून ठेवावं. अर्धा किलो कांदा उभा चिरून पाऊण वाटी शेंगतेलात मंद आचेवर २० ते २५ मिनिटं, कडा तपकिरी होईपर्यंत परतायचा. दीडशे ग्रॅम सुकं खोबरं कोरडंच भाजून घ्यायचं. ५० ग्रॅम लसूण आणि ३० ग्रॅम आलं शेवटच्या पाच मिनिटांत टाकायचं. आधी टाकलं तर लसूण करपतो आणि सगळं वाटण कडवट होतं. पूर्ण गार झाल्यावर पाणी न घालता वाटायचं, दोन चमचे मीठ घालून काचेच्या बरणीत भरायचं. फ्रिजमध्ये सहा-सात दिवस टिकतं. पाणी घातलंत तर तिसऱ्या दिवशी आंबूस वास येईल.

या एका बरणीतून सोमवारी अख्खा मसूर, मंगळवारी पनीर आणि मांस आलं त्या दिवशी कोंबडीचा रस्सा निघतो. अट एकच: बरणीतला चमचा बरणीचाच. वाटण आधी कोरड्या वाटीत काढायचं, मग वाटीतून कढईत. कढईच्या वाफेवर धरलेला चमचा परत बरणीत गेला की ती बरणी परवे राहिली नाही. डब्यातल्या चटणी-मिठालाही हेच.

चुकून परवे डाळ मटणाच्या स्वच्छ कुकरमध्ये शिजलीच तर ती टाकून देऊ नका, पण तिच्यावर तूप घेऊ नका आणि सोबत ताकही नको. दुधाचा चमचा मटणाच्या गरम रश्शात पडला तर मात्र लगेच गॅस बंद करून चमचा काढा आणि तीन गोष्टी लिहून ठेवा: चमचा गरम दुधात शेवटचा कधी गेला होता (२४ तासांच्या आत की आधी), किती बुडाला, पातेल्यात रस्सा किती होता. रब्बींना (ज्यू धर्मगुरूंना) किंवा जाणत्या माणसाला फोन केलात की ते हेच विचारतात.

निवडणं

कोशर म्हटलं की सगळे मांसाचा विचार करतात. रोजच्या वेळातला मोठा वाटा जातो तो किडे शोधण्यात, कारण डोळ्यांना दिसणारा कुठलाही किडा खाणं वर्ज्य आहे. आपल्याकडे भाजी शेतातून थेट बाजारात येते, ताजी असते, आणि मावा-फुलकिडेही ताजेच असतात.

मेथी, कोथिंबीर, पालक आधी निवडून पानं सुटी करावीत. पांढऱ्या टबात पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, आणि पानं चार मिनिटं बुडवून हातानं हलवायची. साबणामुळे किड्यांची पकड सुटते; नुसत्या पाण्यात मावा पानाला चिकटूनच राहतो. मग पानं वर उचलून घ्यायची. टब चाळणीत उपडा केला तर तळाशी बसलेले किडे परत पानांवर येतात, आणि ही चूक सर्रास होते. वाहत्या पाण्याखाली दोन वेळा धुवावं, शेवटचं पाणी पांढऱ्या पातळ कापडातून गाळून कापड उजेडात धरून बघावं. काही दिसलं तर पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेलाही दिसलं तर ती जुडी सोडून द्यावी.

फ्लॉवर घाईच्या दिवशी आणूच नये. आणलाच तर अगदी लहान तुरे करून उकळत्या पाण्यात मिनिटभर घालावेत आणि ते पाणी कापडातून गाळून बघावं. कोबीची वरची चार-पाच पानं काढून उरलेली एकेक सोडवावीत. कृष्णाकाठची वांगी भरून करायची असतील तर देठ ठेवून चार चिरा द्या आणि पाण्यात टाकण्याआधी प्रत्येक वांगं उघडून आत बघा. बाहेर टाचणीएवढं छिद्र असेल तर आत अळी असू शकते, ते वांगं भरण्याचा हट्ट नको. भेंडीही उभी चिरूनच.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हिरवा देठ थोड्या गरासकट कापावा, कारण किडे त्या टोपीखालीच लपतात. मग साबणाच्या पाण्यात चार-पाच मिनिटं आणि दोनदा स्वच्छ धुणं. फळ न कापता भिजवलं तर टोपीखाली पाणी पोचत नाही.

घेवडा, चवळी, हरभरा रात्री भिजत घाला. सकाळी वर तरंगणारे दाणे काढून टाका आणि भोक असलेले फोडून बघा. रवा-पीठ बारीक चाळणीनं चाळून बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवलं तर पावसाळ्यातही महिनाभर टिकतं. गिरणीतून आणलेलं पीठ गरम असतानाच डबा बंद केला तर त्याला ओल सुटते आणि जाळी लवकर धरते, म्हणून ते आधी परातीत पसरून गार करावं. अंजीर आणि खजूर उभे फाडून, उजेडात.

अंडी एकेक करून काचेच्या ग्लासात फोडावीत. रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडं टाकायचं, ग्लास गार पाण्यानं धुवायचा आणि पुढचं फोडायचं. गावरान अंड्यांत हे जास्त निघतं. सगळी थेट एका भांड्यात फोडली तर एका ठिपक्यापायी सगळी जातात.

मासे

खवले आणि पर दोन्ही हवेत, आणि खवला कातडी न फाटता निघायला हवा. रोहू, कटला, बांगडा, सुरमई, पापलेट चालतात. नदीतला शिंगाळा आणि वाम, समुद्रातली मोरी, आणि कोळंबी, खेकडे, तिसऱ्या हे सगळं बाद. पापलेट-सुरमईचे खवले बारीक, बाजारात येईपर्यंत बरेच गळालेले असतात. परांच्या मुळाशी आणि डोक्यामागे नखानं खरवडून बघा. तुकडे घेऊ नका. मासा अख्खा बघून घ्यावा आणि समोर कापून घ्यावा, सुरी आणि ओंडका आधी धुवायला सांगून. लाजायचं कारण नाही, मासेवाल्या मावशी ऐकतात.

मासे आणि मांस एका पातेल्यात किंवा एका ताटात नको. बेने इस्रायल आणि सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यू परंपरेच्या) वळणाच्या बऱ्याच घरांत मासे दुधाबरोबरही घेत नाहीत, म्हणून माशाच्या दिवशी दही-ताक बाजूला ठेवून सोलकढी केलेली सोयीची.

मांस आलं त्या दिवशी

कापल्यापासून ७२ तासांच्या आत मांस भिजवून-खारवून (मीठ लावून रक्त काढून) झालं पाहिजे. म्हणून मागवतानाच ‘खारवलेलं आहे का’ हे विचारा. खारवून मग गोठवलेलं मिळालं तर पुढची सगळी धावपळ वाचते. न खारवलेलं आलं तर त्याच दिवशी करायचं, फ्रीझरमध्ये ढकलायचं नाही.

गोठलेलं असेल तर पूर्ण सुटू द्या. बर्फ असेल तिथे मीठ काम करत नाही. धुऊन साध्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. काढून पाणी निथळू द्या, पण अगदी कोरडं करू नका. सगळ्या बाजूंनी, कोंबडी असेल तर पोटातूनही, जाडसर मीठ लावा. बारीक मीठ विरघळून वाहून जातं, खड्याचं मीठ घरंगळून पडतं, म्हणून खडे मीठ खलबत्त्यात साखरेच्या कणाएवढं करावं. तिरक्या जाळीवर एक तास ठेवून खाली रक्त गळू द्यायचं. तळ सपाट असेल तर मांस स्वतःच्याच रक्तात बसतं आणि सगळं वाया जातं. शेवटी तीन वेळा पाणी बदलून धुवायचं. काळजाला (कलेजीला) खारवणं पुरत नाही. ते चिरून, धुऊन, चिमूटभर मीठ लावून थेट जाळावर भाजावं लागतं, त्याची जाळीही वेगळी.

खारवलेल्या मांसात मीठ उतरलेलंच असतं. रश्शाला नेहमीच्या निम्मं मीठ घाला, शेवटी चव बघून वाढवा. खारट रश्शाची तक्रार बहुतेक इथूनच येते.

मुरवायला दही नाही. अर्धा किलो कोंबडीला एका लिंबाचा रस, एक चमचा आलं-लसूण, अर्धा चमचा हळद, अर्धा तास. मटण असेल तर एक चमचा कच्च्या पपईचा कीस; त्याहून जास्त घातलात तर मटण पिठूळ होतं. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा: एक नारळ, दोन वाट्या कोमट पाणी, पहिलं दाट दूध वेगळं काढायचं आणि गॅस बारीक करून शेवटी घालायचं. खळखळ उकळलं तर फुटतं. आधी एक चमचा तांदळाचं पीठ गार पाण्यात कालवून रश्शात घातलं तर धोका कमी होतो. वाढताना वर ओल्या नारळाचा चव भुरभुरावा, म्हणजे बघणाऱ्याला गाईचं दूध वाटत नाही. हाही रिवाजच आहे.

आता चहा. मांसानंतर दुधासाठी सहा तास थांबायचा रिवाज मोठा आहे, काही घरांत कमी थांबतात. आपापल्या घरचं पाळावं. एक वाजता मटण जेवलात तर दुधाचा चहा सात वाजता, आणि पाहुण्यांनी आणलेले कंदी पेढेही तेव्हाच. चारच्या चहावर जीव असणाऱ्या घरांनी मांस रात्रीच करावं, हा सगळ्यात सोपा उपाय. नाहीतर गवती चहा-आल्याचा कोरा चहा आणि घरचं भडंग: पाव किलो चुरमुरे, वाटीभर शेंगदाणे, १५ लसूण पाकळ्या, चार चमचे तेल, कांदा-लसूण मसाला. उलट बाजूनं एवढी अडचण नाही. दुधानंतर चूळ भरून, काही कोरडं खाऊन अर्ध्या तासानं मांस बऱ्याच ठिकाणी चालतं.

स्वयंपाकाच्या मावशी असतील तर

ज्यू नसलेल्या माणसानं एकट्यानं शिजवलेल्या बऱ्याच पदार्थांना मनाई आहे. काही परंपरांत घरच्यानं गॅस पेटवला तरी भागतं. सेफार्दी रिवाजात भांडंही घरच्यानं चढवावं लागतं. दोन्ही करावं, मिनिटाचं काम आहे. चिरणं, मळणं, ढवळणं मावशींनी केलं तर हरकत नाही. नियम सांगत बसण्यापेक्षा मटणाचं कपाट कुलपात ठेवा. मांस नसलेल्या दिवशी ती भांडी हाताशीच नसतील तर चूक होणार कुठून?

पाकिटं

हिरवी खूण म्हणजे परवे नव्हे. त्या खुणेच्या मालात दूध असू शकतं, बिस्किटांत तर हमखास. घटकांच्या यादीखाली ॲलर्जीची सूचना असते, तिथे दूध लिहिलंय का ते आधी बघा. जेलीसाठी जिलेटिन नको, चायना ग्रास घ्या. द्राक्षाचं व्हिनेगर, दुकानातला द्राक्षरस आणि वाइन यांवर कोशर देखरेखीची खूण नसेल तर घेऊ नये. ताजी द्राक्षं खुशाल खा.

शुक्रवार

शुक्रवारी सूर्यास्ताला ज्यूंचा विसाव्याचा दिवस, शब्बाथ, सुरू होतो; शनिवारी रात्रीपर्यंत स्वयंपाक करायचा नाही, आग पेटवायची नाही. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या आसपास, जून-जुलैत सात-सव्वासातला. मेणबत्त्या त्याआधी १८ मिनिटं. त्यामुळे थंडीत पाच वाजता गॅस बंद असं गणित धरून मागे यायचं. सगळं पूर्ण शिजवून, गरम असतानाच हॉटपॉटमध्ये. रात्रभर बारीक गॅसवर पत्रा ठेवून अन्न गरम ठेवायची पद्धत आहे, पण बंद स्वयंपाकघरात रात्रभर गॅस चालू ठेवणं आम्हाला पटत नाही. शनिवारच्या चहासाठी थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि बाटलीत आधीच उकळून ठेवलेला चहाचा अर्क. पाणी आधी एका रिकाम्या कपात ओतून मग त्यात अर्क.

किद्दूशला (शब्बाथच्या जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला) वाइन नसेल तर बेने इस्रायल घरांत मनुकांचं सरबत करतात, आणि तासगाव-सांगलीकडे असताना मनुका कमी पडायचं कारण नाही. काळे मनुके घ्या. वाळवण्याआधी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, म्हणून ओळखीच्या बागायतदाराकडून घेतलेत तर तेल वनस्पतीचंच होतं का हेही विचारता येतं. पाव किलो मनुके कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा, तरंगणारे टाका, तीन वाट्या पाण्यात गुरुवारी रात्री भिजत घाला. शुक्रवारी दुपारी हातानं कुस्करून पातळ कापडातून पिळून गाळा. मिक्सर लावू नका, बिया फुटून तुरट होतं. साखर लागत नाही. फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं, पुढे फेस धरतं. उरलेल्या चोथ्यातल्या बिया काढून त्यात चिंच, गूळ, जिरं आणि तिखट घालून चटणी होते. तीही परवेच, म्हणून शनिवारी कशाबरोबरही चालते.